सोवळें यंत्र

माणसांचें सोवळें सुटून पुष्कळ वर्षें लोटलीं. आमच्या वाईच्या घरांतही आतां कोणी ओलेत्यानें पाणी भरीत नाहीं, किंवा कोणाचा स्पर्श झाला म्हणून पुन: स्नानास उठत नाहीं. परंतु एवढ्यावरून जगांतून सोवळें नाहींसें झालें असें कोणी समजूं नये. तें माणसांच्या अंगावरून उतरलें आणि यंत्रांच्या अंगावर जाऊन बसलें. ज्याला ह्या विधानाचा पडताळा पाहावयाचा असेल त्यानें घरीं तयार केलेली गाण्यांची एखादी तबकडी घ्यावी आणि ती जुन्या मोटारींतल्या स्टिरिओच्या फटींत सरकवून पाहावी. यंत्र ती तबकडी प्रथम मोठ्या अगत्यानें आंत ओढून घेतें. क्षणभर आंत चांचपल्यासारखा, कुजबुजल्यासारखा आवाज होतो. मग खट् असें कांहीं तरी वाजतें आणि पंगतींतून परक्यास उठवावें तशी ती तबकडी फटीबाहेर येऊन उभी राहते. बाजारांतून विकत आणलेली तबकडी तेंच यंत्र मुकाट्यानें वाजवीत असतें. मग घरच्या तबकडीनेंच असें कोणतें पाप केलें आहे ?

ह्या प्रश्नापाठीमागें मीं आयुष्यांतले बरेच दिवस घालविले आहेत. मी साहित्याचा अध्यापक. विजेचें आणि माझें सख्य दिव्याच्या बटणापलीकडे सहसा जात नाहीं. परंतु हा प्रश्न असा होता कीं तो सोडून देतां येईना. त्याचें कारण यथाक्रम येईलच.

एके काळीं हेंच सोवळें उलट्या दिशेनें पाळलें जात असे. १८३१ सालीं मुंबईंत गणपत कृष्णाजींनीं शिळाछापावर पंचांग छापून काढलें, त्या सुमारास सनातनी मंडळींना छापील कागद हातीं धरवत नसे. छापण्याच्या शाईंत चरबी असते. तेव्हां देवघरांत पोथी हवी ती हातानें लिहिलेली, छापलेली चालावयाची नाहीं. पुढें तुपाची शाई करून ह्या अडचणींतून वाट काढण्यांत आली असें सांगतात. आज पारडें फिरलें आहे. आज छापील तेवढें सोवळ्यांत चालतें आणि हस्तलिखित ओंवळें ठरतें. हें मी केवळ अलंकार म्हणून लिहीत नाहीं. तबकडीच्या बाबतींत तें अक्षरशः खरें आहे.

दुकानांत मिळणारी गाण्यांची तबकडी ही खरोखरच छापलेली असते. कारखान्यांत तिचा एक ठसा तयार करतात, आणि तापवून मऊ केलेल्या प्लॅस्टिकवर तो दाबला कीं अब्जावधि सूक्ष्म खळगे त्यावर एकदम उमटतात. मग त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा देतात. हे सर्व खळगे एकाच रेषेवर ओळीनें बसलेले असतात. ही रेषा मध्याजवळ सुरू होते आणि उदबत्तीच्या चक्रीसारखी वेढे घेत कडेकडे जाते. दोन वेढ्यांमधलें अंतर अवघें १·६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सुमारें दीडपट. आणि ती रेषा उलगडून सरळ केली तर तिची लांबी पांच किलोमीटरांहून अधिक भरेल. वाचणारें यंत्र ह्या रेषेवर लेझरचा डोळ्यांना न दिसणारा किरण टाकतें. सपाट जागेवरून तो लख्ख परत येतो, खळग्यावरून क्षीण होऊन येतो; आणि लख्ख व क्षीण ह्यांच्या ह्या मालिकेवरून यंत्र सेकंदाला ४४,१०० वेळां मोजून ठेवलेला आवाज पुन: जुळवून देतें.

घरीं तयार होणाऱ्या तबकडीवर असे खळगे नसतात. तिच्या पोटांत एका विशिष्ट रंगद्रव्याचा पातळ थर असतो. संगणकांतला लेझर जोरानें त्यावर पडला कीं तेवढा ठिपका तापतो आणि त्याचें तेज कमी होतें. अशा ठिपक्यांनींच खळग्यांचें सोंग वठवावयाचें असतें. इंग्रजींत ह्या क्रियेस जाळणें म्हणतात. आमच्याकडचीं दुकानांतलीं मुलें ‘सीडी मारून देतों’ असें म्हणत. मला हे दोन्ही शब्द कठोर वाटतात. ही वस्तुतः लिहिण्याची क्रिया आहे. ठसा एकदा तयार झाला कीं त्यावरून हजारों प्रति निघतात. पण घरच्या तबकडीवरचा प्रत्येक ठिपका पहिल्यापासून शेवटपर्यंत एकामागून एक, त्याच एका प्रतीसाठीं उमटवावा लागतो. म्हणजे ती पोथी झाली. आणि पोथीचें अक्षर छापील अक्षराइतकें ठसठशीत कोठून येणार ? छापील तबकडी तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा ७० हून अधिक प्रकाश परत पाठविते. लिहिलेल्या तबकडीकडून शेंकडा ६५ ची अपेक्षा ठेवतात. हा थोडासा फरक ज्याच्या लक्षांतही येत नाहीं तें यंत्र उदार समजावें.

वाचणाऱ्या यंत्राची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. तबकडीचे मूळ नियम फिलिप्स आणि सोनी ह्या दोन कंपन्यांनीं १९८० सालीं ठरविले. १९८२ सालीं ती जपानांत विक्रीस आली, आणि १९८४ सालीं मोटारींतही वाजूं लागली. घरीं लिहितां येणाऱ्या तबकडीचे नियम १९९० च्या सुमारास, म्हणजे त्यानंतर दहा वर्षांनीं झाले. तोंपर्यंत सर्व यंत्रें छापील पाठावरच शिकलेलीं. त्यांतून मोटारींतलें यंत्र हें बिचारें अतिशय हालअपेष्टांत दिवस काढणारें. रस्त्यावरचे खड्डे, उन्हाळ्यांतली धूळ, पावसाळ्यांतली ओल हीं सर्व सोसून त्यानें त्या पांच किलोमीटरांच्या रेषेवरून नजर ढळूं द्यावयाची नाहीं. अशानें जर अस्पष्ट अक्षर वाचण्याचें नाकारलें, तर त्याला सर्वस्वीं दोष देतां यावयाचा नाहीं.

आतां मुख्य कारणाकडे वळतों. १९८६ सालच्या दिवाळींत माझा एक मावसभाऊ मुंबईहून वाईस आला, तेव्हां त्यानें बरोबर एक टू-इन-वन आणला होता. त्यावर त्यानें आमच्या आईचीं गाणीं दोन कॅसेटांवर घेतलीं. एक ६० मिनिटांची, दुसरी ९० मिनिटांची. आई कांहीं गायिका नव्हती. भूपाळ्या, मंगळागौरीचीं गाणीं, पाळणे, आणि आजीकडून आलेल्या ओंव्या एवढाच तिचा संग्रह. उजव्या हातानें ती पेटी वाजवी आणि डावा हात भात्यावर असे. मधूनच स्वयंपाकघरांत कुकरची शिटी होते, एकदां धाकटा भाऊ कांहीं तरी मागतो, आणि ती गाणें न थांबवितां त्याला मानेनें नाहीं म्हणत असावी, कारण त्याचें मागणें वाढत जातें. २००७ सालीं आई गेली. तेव्हांपासून त्या दोन कॅसेटा म्हणजे घरांतली एक ठेव होऊन राहिल्या.

अण्णांनीं, म्हणजे माझ्या वडिलांनीं, त्या कॅसेटा घरांत कधीं लावूं दिल्या नाहींत. मला प्रथम वाटलें कीं त्यांना तो आवाज सहन होत नसावा. पण आमच्या आधींच्या मोटारींत कॅसेट वाजत असे, आणि पुण्याहून वाईस जावयास निघालों कीं ते स्वतःच ती काढून माझ्या हातीं देत. एकदां मीं त्यांना ह्याचा उलगडा विचारला. ते म्हणाले, “घरांत तिचा आवाज आला कीं उठून आंत जावेंसें वाटतें. आंत जाऊन काय करूं ? मोटारींत ती नेहमी मागें बसे. तिचा आवाज मागूनच यावयाचा. मागें वळून पाहण्याची मला संवय नाहीं.”

ह्यानंतर त्या आवाजाची जागा मोटारींतच आहे हें आम्हां सर्वांनीं मुकाट्यानें मान्य केलें. २००९ सालीं ती मोटार जाऊन नवी आली. तिच्यांत कॅसेटची फट नव्हती, तबकडीची होती. तेव्हां आईला एका रेषेवरून दुसऱ्या रेषेवर आणणें हें आमचें कर्तव्य होऊन बसलें.

पहिली तबकडी एका दुकानांतून तयार होऊन आली. दुकानांतला मुलगा मोठ्या उत्साहानें म्हणाला, “काका, सगळें एकाच सीडींत बसविलें आहे. अजून दहा तासांची जागा शिल्लक आहे !” अण्णा पुढच्या आसनावर पट्टा बांधून बसले, मीं तबकडी फटींत सरकविली, आणि कात्रजच्या बोगद्याच्या आधींच ती बाहेर आली. कारण पुढें समजलें. त्या मुलानें आवाज आवळून त्याच्या लहान लहान पुड्या बांधल्या होत्या. एमपी३ नांवाची ही आवळण्याची रीत जर्मनींतल्या एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेंत मुख्यतः सिद्ध झाली, आणि ती मोठी चतुर आहे. परंतु मूळ नियमांची तबकडी म्हणजे ओळीनें मांडलेला उघडा आवाज. तिच्यांत पुडी सोडण्याचें काम वाचणाऱ्यास करावें लागत नाहीं. आमचा स्टिरिओ मूळ नियमांपलीकडे कांहीं शिकलेला नव्हता. त्याला पुड्यांचा ढीग दिसला, गाणें दिसलें नाहीं.

दुसऱ्या तबकडीचें काम माझ्या भाचीनें अंगावर घेतलें. ती त्या वेळीं इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षांत होती. तिनें दुकानदाराच्या त्या पुड्या सोडून उघडा आवाज केला आणि तो पुसून पुन: लिहितां येईल अशा तबकडीवर उतरविला. संगणकावर ती उत्तम वाजली. मोटारींत मात्र यंत्रानें तिच्याकडे पाहिलेंही नाहीं. अशा तबकडीवर रंगाऐवजीं धातूंच्या मिश्रणाचा थर असतो. तो तापवून पुन: पूर्वस्थितीवर आणतां येतो, पण प्रकाश परत पाठवितांना त्याचा हात फार आंखडता. शेंकडा १५ ते २५, एवढाच. पाटीवर पेन्सिलीनें लिहिलेलें अक्षर पुसतां येतें हें खरें. पण तें दुरून वाचतां येत नाहीं.

तिसऱ्या वेळीं साधी, एकदांच लिहितां येणारी तबकडी होती. दुसऱ्या कॅसेटमधलीं राहिलेलीं गाणीं मागाहून घालतां यावींत म्हणून भाचीनें ती मुद्दाम उघडी ठेविली होती. तीही परत आली. ह्याचें कारण मला एखाद्या ग्रंथपालास शोभेल असें वाटलें. तबकडीच्या अगदीं आंतल्या कडेस एक अनुक्रमणिका असते : कोणतें गाणें कोठें सुरू होतें, एकूण किती आहेत. मोटारींतलें यंत्र प्रथम ती पाहतें. तबकडी पुरी करून मिटविल्याशिवाय ही अनुक्रमणिका तिच्यावर लिहिली जात नाहीं. आणि अनुक्रमणिका नाहीं म्हणजे त्या यंत्राच्या दृष्टीनें पुस्तकच कोरें. आपली ओळख सांगितल्याशिवाय कोणी दारांत घेत नाहीं हा नियम गाण्याच्या धंद्यांत जुनाच आहे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें ग्रामोफोनवर घेतलें, तेव्हां गाणें संपल्यावर ती इंग्रजींत आपलें नांव सांगत असे. कारण त्या तबकड्या जर्मनींत हानोव्हर येथें तयार होत, आणि तेथल्या कामगारांना हें कोण गात आहे तें कळावयास दुसरा मार्ग नव्हता. आमच्या आईनें आपलें नांव कोठेंच सांगितलें नव्हतें. तें आम्हांलाच कडेस लिहावयाचें होतें.

अण्णा ह्या प्रत्येक वेळीं “असूं दे, पुढच्या खेपेस,” एवढेंच म्हणत आणि खिडकीबाहेर पाहत. पण पुढची खेप म्हणजे दोन महिन्यांनीं, आणि त्यांचें वय त्या वेळीं ७२. मला तो शब्द प्रत्येक वेळीं अधिक जड वाटूं लागला.

चौथी तबकडी वाजली. ती मिटविलेली होती, साध्या जातीची होती, आणि भाचीनें ती सावकाश लिहिली होती. संगणक तबकडी पन्नासपट वेगानेंही लिहूं शकतो. मग सबंध तबकडी तीन-चार मिनिटांत पुरी होते. पण घाईनें लिहिलेलें अक्षर लागत नाहीं हें आम्हां उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना कोणी सांगावयास नको. आठपट वेगानें तेंच काम करावयास दहा मिनिटें लागलीं, आणि ठिपके रेखीव उठले. वर कागदाची चिठ्ठीही डकविली नाहीं. ती चिठ्ठी उन्हानें सुटून यंत्राच्या घशांत अडकते, आणि तिच्या वजनानें तबकडीचा तोल जातो. शाईच्या मऊ पेननें नुसतें ‘आई’ असें लिहिलें. शिरवळ मागें पडलें आणि मागच्या दोन भोंग्यांतून पेटीचा पहिला सूर आला. आम्ही कोणी कांहीं बोललों नाहीं. खंबाटकीचा घाट चढेपर्यंत भूपाळ्या संपल्या. मग अण्णा हलकेच म्हणाले, “बांगड्या कोठें गेल्या ?”

मला त्यांचें बोलणें समजावयास थोडा वेळ लागला. भात्यावरच्या आईच्या हातांत बांगड्या असत, आणि भाता दाबला कीं त्या पेटीच्या लाकडावर आपटून बारीक वाजत. तें वाजणें गाण्याच्या खालीं सबंधभर होतें. मला तें कधीं वेगळें ऐकूं आलें नव्हतें. पण ज्यानें तें बेचाळीस वर्षें ऐकलें, त्याला गाण्याइतकेंच तेंही आईचें होतें.

दोष शोधतां शोधतां आम्ही त्या पहिल्या दुकानाच्या पुड्यांपाशीं येऊन पोंचलों. आवाज आवळण्याच्या त्या चतुर रीतीचें तत्त्व असें कीं मोठ्या आवाजाच्या आड जो लहान आवाज मनुष्याच्या कानास लागत नाहीं तो टाकून द्यावा. सर्वसामान्य कानास हा न्याय पुरेसा आहे. पण जागा फारच थोडी दिली म्हणजे टाळ, चिपळ्या, बांगड्या असे एकदम उठून एकदम विरणारे आवाज ह्या न्यायांत प्रथम बळी पडतात. ते पुसट होतात, पसरतात, आणि खरखरींत मिसळून जातात. पुडी पुन: सोडली तरी टाकून दिलेलें परत येत नाहीं. दुकानांतल्या मुलानें त्याच्याकडून कांहीं वाईट केलें नव्हतें. दहा तासांची जागा त्यानें वांचविली होती. कोणाच्या तरी बांगड्यांवर ती वांचली, एवढेंच.

तेव्हां पुन: मूळ कॅसेटांकडे जाणें प्राप्त झालें. वाईच्या पावसाळ्यांनीं त्यांच्या फितीवर पांढरी बुरशी धरली होती. एकदां लावली तर ती फीत टिकेल कीं तुटेल हें कोणीही खात्रीनें सांगेना. भाचीनें तीन दिवस ती फीत मऊ फडक्यानें पुसली, ओळखीच्या एका गृहस्थाकडून चांगलें कॅसेटयंत्र आणलें, आणि एका रविवारीं दुपारीं घरांतले पंखे बंद करून आम्हीं त्या दोन कॅसेटा एकदांच वाजविल्या. अडीच तास कोणी जागेवरून उठलें नाहीं. अण्णा मात्र खालीं बागेंत जाऊन बसले होते. ह्या वेळीं आवाज आवळला नाहीं. जसा आला तसा घेतला. अडीच तासांसाठीं ८० मिनिटांच्या दोन तबकड्या लागल्या, आणि दोन्हीं मिळून दहा मिनिटांची जागा शिल्लक राहिली.

लिहावयास बसल्यावर भाचीनें मला विचारलें, “मामा, ही खरखर आणि कुकरची शिटी काढून टाकूं का ? काढतां येते.” मला त्या वेळीं जुन्या पोथ्यांचे लेखक आठवले. ते पोथीच्या शेवटीं लिहून ठेवीत कीं, जसें पाहिलें तसें लिहिलें आहे, शुद्ध असो वा अशुद्ध, मला दोष देऊं नका. आम्ही शिकलेले लोक ह्याला आळशीपणाची सबब समजून हंसतों. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करण्याचें काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललें, तें कोणाच्या जिवावर ? ज्या लेखकांनीं न समजलेलें अक्षरही जसेंच्या तसें उतरून ठेवलें, त्यांनींच पाठाचा माग राखला. समजूतदार लेखकांनीं आपल्या बुद्धीनें जेथें दुरुस्ती केली तेथें तो माग बुजला. मीं भाचीला सांगितलें, शिटी राहूं दे.

पांचव्या खेपेस बांगड्या वाजल्या. मलाही त्या आतां ऐकूं आल्या. अण्णांनीं डोळे मिटून घेतले होते. वाईस कृष्णेचा पूल येईपर्यंत ते तसेच होते, मग म्हणाले, “पेटी तेव्हांही बेसूरच होती.” आम्ही दोघेही पुष्कळ दिवसांनीं मोठ्यानें हंसलों.

ही गोष्ट येथें संपली असती तर मीं ती लिहिली नसती. लिहिलेल्या तबकडीचें आयुष्य छापील तबकडीइतकें भरंवशाचें नाहीं. तिच्या पोटांतला रंग उन्हानें आणि उष्णतेनें विटतो. आणि वैशाखांत उन्हांत उभ्या असलेल्या मोटारीइतकी वाईट जागा तिच्यासाठीं शोधून सांपडणार नाहीं. पोथ्यांच्या शेवटीं आणखीही एक विनंती असे : मला तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, सैल बांधणीपासून राखा, आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका. तबकडीला बोलतां आलें असतें तर तिनें उन्हापासून, बोटांच्या ठशांपासून आणि डकविलेल्या चिठ्ठीपासून राखा असें म्हटलें असतें. मूर्खाचें कलम तिनेंही कायम ठेवलें असतें. दर दोन-तीन वर्षांनीं एक दिवस असा येई कीं तोंपर्यंत सरळ वाजणारी तबकडी एखाद्या ओंवीच्या मध्यें अडखळे, आणि कांहीं दिवसांनीं यंत्र तिला बाहेर काढी. मग भाची नवी प्रत लिही. गेल्या पंधरा वर्षांत अशा सहा जोड्या झाल्या. वरचें ‘आई’ हें अक्षर प्रत्येक वेळीं निराळ्या हाताचें आहे : एक माझ्या पत्नीचें, दोन भाचीचीं, एक भाचीच्या मुलीचें, नुकतीं अक्षरें शिकल्यावरचें.

ह्या सहा जोड्यांनीं माझी एक समजूत मात्र पार बदलून टाकली. एखादी वस्तु जपावयाची म्हणजे ती एका सुरक्षित पेटींत ठेवून किल्ली लावावयाची, असें मला वाटे. मूळ कॅसेटा आम्हीं तशाच जपल्या, आणि पेटींतच त्यांना बुरशी आली. जें टिकलें तें वेळोवेळीं पुन: लिहिलें म्हणून टिकलें. आपल्याकडचे वेदपाठक काय, पोथ्यांचे लेखक काय, किंवा आईला ओंव्या देणारी आमची आजी काय, ह्यांतल्या कोणीही ठेव पेटींत ठेवली नाहीं. ती दुसऱ्याच्या हातांत, दुसऱ्याच्या तोंडांत दिली, आणि देतांना ती घेणाऱ्यास घेतां येईल अशा रीतीनें दिली. मोटारींतल्या त्या सोवळ्या यंत्रानें आम्हांला तीन वेळां परत पाठविलें, तें वस्तुतः एवढेंच सांगावयास. आपल्या मनांत माया कितीही असली तरी समोरच्याला वाचतां येईल असें लिहिण्याचे श्रम मायेनें चुकत नाहींत.

गेल्या वर्षीं त्या मोटारीला पंधरा वर्षें पुरीं झालीं. नोंदणी पुढें चालवावयाची तर तिची तपासणी करून घेणें भाग होतें, आणि कारागिरानें तिच्या पोटाखालचा गंज दाखवून मान हलविली. नव्या मोटारींत तबकडीची फटच नाहीं. तेथें आवाज मोबाइलमधून, तारेवांचून येतो. भाचीनें तोच न आवळलेला आवाज मोबाइलमध्यें घातला आहे, आणि तो मागच्याच भोंग्यांतून यावा अशी व्यवस्था केली आहे. अण्णा आतां ८७ वर्षांचे आहेत. नव्या मोटारींतून पहिल्यांदा वाईस निघालों तेव्हां त्यांनीं फटीची जागा बोटांनीं चांचपून पाहिली, आणि कांहीं न विचारतां हात मांडीवर ठेवला. शिरवळच्या पुढें पेटी सुरू झाली. थोड्या वेळानें त्यांचें बोट मांडीवर बारीक ठेका धरूं लागलें. तो ठेका गाण्याचा नव्हता, भात्याचा होता.

तबकड्या लिहिणें आम्हीं तरीही सोडलेलें नाहीं. मोबाइल हरवतो, फुटतो, दर तीन वर्षांनीं बदलतो. त्याच्या भरंवशावर एकच प्रत ठेवणें हें पेटीला किल्ली लावण्यासारखेंच होईल. येत्या दिवाळींत चार जोड्या लिहावयाच्या आहेत, चार भावंडांच्या घरांसाठीं. प्रत्येकीबरोबर भाचीनें एक कागद तयार केला आहे. त्यावर गाण्यांची अनुक्रमणिका आहे, पुढची प्रत कशी लिहावी ह्याची कृति आहे : साधी तबकडी घ्यावी, वेग आठपट ठेवावा, आवाज आवळूं नये, शेवटीं मिटवावी, चिठ्ठी डकवूं नये. आणि सर्वांत खालीं एक ओळ आहे : ‘२३ व्या मिनिटास कुकरची शिटी होते. ती काढूं नये.’